बंद पडलेला कॉम्प्युटर आणि त्याची रोजकीर्द



मागच्या वेळी पावसाळ्यात पीठ किती दिवस ठेवावं यावर लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. आमचा जुना कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच होईना, त्याची ही गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असा एखादा जुना डबा टेबलावर असेल आणि त्यात काही ना काही मोलाचं असेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व चालू होतं. मंदिरातून पूजा करून आले, घरातलं आवरलं आणि साडेदहाच्या सुमाराला कॉम्प्युटरचं बटण दाबलं. एरवी हिरवट रंगाचं चिन्ह येतं, मिनिटभरात आमचा पालिताण्याचा फोटो दिसतो. त्या दिवशी काळा स्क्रीन आला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. पाच-सहा ओळी आणि खाली लुकलुकणारी एक रेघ. बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

माझ्या पोटात गोळा आला. त्याला दोन कारणं होती.

एक म्हणजे आमच्या महिला मंडळाचे हिशेब. मी खजिनदार आहे. पर्व संपल्यावरच्या रविवारी वार्षिक सभा होती आणि ताळेबंद अर्धाच झाला होता. वर्गणी, आहारदानाचा निधी, सहलीचा खर्च, सहा वर्षांचं सगळं त्यातच. व्हाउचरं कपाटात होती, म्हणजे पुन्हा लिहिता आलं असतं. डोळे फुटले असते, पण जमलं असतं.

दुसरं मात्र पुन्हा करता येणारं नव्हतं. त्यात एक फोल्डर आहे, नाव ‘आईंचा आवाज’. आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे घरात होतो तेव्हा मी त्यांच्याकडून बारा वेळा बोलून घेतलं होतं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७, हे त्या बोटं मोजत सांगायच्या ते त्यात आहे. पर्वात हिरवी भाजी नसताना रोज वेगळं काय करायचं ते आहे. मुनीमहाराजांच्या आहारासाठी चौका कसा लावायचा ते आहे. मध्येच कुकरची शिट्टी आहे, त्यांचा खोकला आहे, आणि “आता पुरे की गं” असं सांगलीकडचं बोलणं आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. ज्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं तो बदलला. त्या आवाजाची प्रत जगात एकाच ठिकाणी होती, आणि त्या ठिकाणी आता काळा स्क्रीन होता.

घाबरल्यावर माणूस पहिलं काय करतं? कुणाचा तरी दोष शोधतं. आमचा नातू बारा वर्षांचा. शाळेला गणपतीची सुट्टी म्हणून तो आईबरोबर कोल्हापूरला आजोळी गेला होता, आदल्याच संध्याकाळी परतला होता. आल्या आल्या रात्री कॉम्प्युटरवर बसला होता. शाळा दुपारची. मी त्याला समोर बोलावलं.

“काल रात्री काय केलंस रे याला?”

“काही नाही आजी. बुद्धिबळ खेळलो आणि शटडाउन केला.”

“मग काय आपोआप बिघडला?”

तो गप्प झाला. मी आणखी दोन-चार वाक्यं बोलले, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्यात ‘तुझ्या आईचं लक्ष नसतं’ हेही एक होतं. सूनबाई ओट्याशी होती, तिनं ऐकलं. नातवानं डबा घेतला, दप्तर घेतलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत नवा. आतला डेटा मात्र जाईल.” मी नको म्हणाले आणि बंगळूरला भाच्याला फोन लावला. हे लिनक्स त्यानंच घालून दिलं होतं.

थोडं त्याबद्दल सांगते. १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. आमचं मशीन तेव्हाच सहा-सात वर्षांचं, नवं विंडोज त्याला झेपेना. चालतं मशीन भंगारात टाकायला माझं मन घेत नव्हतं. भाच्यानं ‘लिनक्स मिंट’ घातलं, एक पैसा न देता. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं त्याबद्दल जगाला कळवलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ज्याला हवं त्यानं घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं, अशी त्याची रीत आहे. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. पुण्यात पाषाणला आयसर संस्थेत सी-डॅकचा ‘परम ब्रह्म’ आहे, तोही. म्हणजे बिबवेवाडीतल्या माझ्या टेबलावर होतं ते काही गरिबाघरचं उसनं सामान नव्हतं.

भाचा फोनवर म्हणाला, “आत्या, आता काहीही दाबू नका. स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला अक्षर न अक्षर वाचून दाखवा.”

“अरे, इंग्रजीत काहीतरी एरर आहे.”

“काहीतरी नाही. वाचा.”

मी चष्मा पुसला आणि वाचलं. तीन वेळा तोच स्क्रीन बघितला होता, पण वाचला नव्हता! वरच्या ओळीत डिस्कच्या एका भागाचं नाव होतं आणि पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अनपेक्षित विसंगती आढळली आहे, ‘एफ-एस-सी-के’ हाताने चालवा. शेवटी कंसात ‘इनिट्रामएफएस’ असा जडजंबाळ शब्द.

भाचा म्हणाला, “वा, आत्या! त्यानं स्वतःच दुखणं सांगितलंय आणि औषधही.”

मग त्यानं समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. सासऱ्यांचं सांगलीला हळदीचं दुकान होतं. सकाळी दुकान उघडायचं तर आधी एकजण शटरची किल्ली आणायचा. दुसरा आत दिवा लावून कोण कुठे बसणार ते बघायचा. मग मुनीम वह्या काढायचे, कालची शिल्लक जुळवायचे, आणि नंतरच गिऱ्हाईक आत यायचं. कॉम्प्युटरचंही तसंच. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि पंखा, मेमरी, डिस्क आहे का बघतो. मग ‘ग्रब’ नावाचा प्रोग्रॅम लिनक्सला हाक मारतो. लिनक्सचा गाभा येतो, तो डिस्क उघडण्यापूर्वी तिच्या वह्या जुळतात का ते तपासतो. जुळल्या तरच पुढचं दुकान उघडतं. आमचं मशीन मुनिमापाशी अडलं होतं. वह्या जुळत नव्हत्या, म्हणून त्यानं शटर अर्ध्यावर धरलं होतं. चुकीच्या वहीवर आणखी लिहून गोंधळ वाढवू नये, एवढाच त्याचा हेतू.

मी १९८३ ला सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयातून बी.कॉम. झाले. तेरीज जुळत नसेल तर सर सांगायचे, सगळी वही फाडायची नसते, फरक कुठे आहे तो शोधायचा असतो. फॉरमॅट मारणं म्हणजे वही फाडणं. हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी कमी झाली.

“मग चालवू का ते एफ-एस-सी-के?” मी विचारलं.

“नाही. आधी प्रत, मग दुरुस्ती. दुरुस्ती करताना तो जे जुळत नाही ते कापूनही टाकू शकतो. आजींचा आवाज आधी बाहेर काढू.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. आधी प्रत, मग दुरुस्ती.

सूनबाईनं तिचा लॅपटॉप न बोलता माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिनक्स मिंटची फाइल उतरवली, जवळजवळ ३ जीबीची. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेतला. त्यावर ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, त्यासाठी छोटं सॉफ्टवेअर असतं त्यानं लिहावी लागते. आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं त्यात पुसलं जातं, म्हणून आत कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना, ते आधी बघा.

मग पेनड्राइव्ह आमच्या मशीनला लावला आणि सुरू करताना एफ-१२ हे बटण दाबत राहिले. काही मशीनला एफ-२ किंवा एस्केप लागतं, कंपनीप्रमाणे बदलतं. यादी आली, तिच्यातून पेनड्राइव्ह निवडला. दोन मिनिटांत पूर्ण लिनक्स समोर उभं! आतल्या डिस्कला हात न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून. मला परक्या गावात धर्मशाळेत उतरल्यासारखं वाटलं. आपलं घर समोर दिसतंय, कुलूप अडकलंय, पण राहायची सोय झाली आहे.

भाच्यानं एक ओळ टाइप करायला सांगितली. तिच्यात ‘आर-ओ’ ही दोन अक्षरं होती, म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघड, लिहू नकोस. डिस्कच्या भागाचं नाव त्यानं तीन वेळा वदवून घेतलं, बँकेचा खाते क्रमांक वदवतात तसं. एक अक्षर चुकलं तर भलत्याच डिस्कवर काम होतं.

आणि फोल्डर उघडलं. ‘महिला मंडळ हिशेब’, ‘पाककृती’, ‘आईंचा आवाज’. काळ्या स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर दिसलं नव्हतं, इथे सगळी नावं स्वच्छ मराठीत. भाचा म्हणाला, लिनक्सवर देवनागरी दाखवणारा ‘लोहित’ नावाचा एक प्रसिद्ध फाँट आहे, तो मुळात आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकनं बनवलेला. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे ‘श्रीलिपी’ असायचं ना, तेच ते लोक. बघा, घरचंच माणूस निघालं.

सूनबाईच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायला पाऊण तास लागला. हिशेब सगळे आले. आवाज मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. बारावा नव्हता. चौक्याचा. त्या फोल्डरमध्ये त्याचं नावच नव्हतं.

मी काही बोलले नाही. भाच्यालाही फोनवर कळलं असावं. तो म्हणाला, “आत्या, आता दुरुस्ती करू. बघू काय मिळतं.”

डिस्क आधी बंद केली, म्हणजे लिनक्सच्या भाषेत ‘अनमाउंट’. उघड्या डिस्कवर ही तपासणी कधी चालवायची नाही, चालत्या शिवणयंत्राची सुई बदलत नाहीत तसं. मग ‘सुडो’ हा शब्द, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाची परवानगी, पुढे एफ-एस-सी-के, पुढे डिस्कच्या भागाचं नाव. एंटर.

तो एकेक फरक दाखवायचा आणि विचारायचा, जुळवू का? मी ‘वाय’ दाबायचे. पुन्हा फरक, पुन्हा ‘वाय’. चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडलं. शेवटी त्यानं लिहिलं, फाइलसिस्टिममध्ये बदल केला आहे. भाच्यानं तपासणी पुन्हा एकदा चालवायला लावली. या वेळी एकही प्रश्न आला नाही. तेरीज जुळली.

पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. हिरवट चिन्ह. पालिताणा.

आता बाराव्या आवाजाचं. लिनक्सच्या डिस्कवर ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचं एक फोल्डर असतं. तपासणीत एखादी फाइल सापडली, पण ती कुठल्या फोल्डरची, तिचं नाव काय हे कळलं नाही, तर ती तिथे ठेवतात. यात्रेत हरवलेली मुलं एका मांडवात बसवतात ना, तसं. आमच्या त्या मांडवात सात फाइली होत्या. नावं नाहीत, नुसते आकडे. एकेक उघडली. एक विजेचं बिल, दोन कसले तरी फोटो, आणि पाचवी वाजली. आधी कुकरची शिट्टी. मग, “चौका लावायचा म्हणजे आधी जागा बघायची.” आई!

सूनबाई ओट्यापासून आली आणि माझ्यामागे उभी राहिली. चार मिनिटं आई बोलल्या. पाणी कसं गाळायचं, कपडे कुठले, दाराशी कोणी उभं राहायचं. मग “दूध तापवताना लक्ष ठेवायचं ते” एवढं म्हणून आवाज थांबला. मूळ रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं होतं. पुढचं परत आलं नाही.

भाच्यानं मग डिस्कची तब्येत बघितली. ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये डिस्क स्वतःची नोंद ठेवते, किती तास चालली, किती जागा खराब झाल्या. खराब जागा शून्य. म्हणजे डिस्क धडधाकट होती. तरी फरक का पडला?

त्यानं एक छोटी आज्ञा टाइप करायला सांगितली. कॉम्प्युटर केव्हा सुरू झाला, केव्हा बंद झाला, याची नोंद लिनक्स रोज ठेवतं. मैत्रिणींनो, ती चक्क रोजकीर्द आहे. तारीख, वेळ, शेरा. नीट बंद केला तर ‘शटडाउन’, मध्येच गेला तर ‘क्रॅश’.

मी ती खालून वर वाचत गेले. आधी रोज ‘शटडाउन’. मग तीन आठवड्यांपूर्वीची एक तारीख आली आणि तिथून पुढे ‘क्रॅश’. ‘क्रॅश’. ‘क्रॅश’. नातू कोल्हापूरला होता त्या सगळ्या दिवसांनाही ‘क्रॅश’. अगदी वरची, आदल्या रात्रीची एकच नोंद ‘शटडाउन’. ती नातवाची.

ती तारीख मला पाठ होती. त्या दिवशी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तोवर माझं काम झालं की हे बसायचे, बातम्या वाचायचे आणि कॉम्प्युटर बंद करून उठायचे. ऑपरेशननंतर स्क्रीन बघायचा नाही, म्हणून मीच शेवटची. मी काय करायचे? सगळ्या खिडक्या बंद करायचे, स्क्रीन काळा झाला की झालं असं समजायचे, आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खट्. वीज वाया जाऊ नये, लाल दिवा उगीच जळू नये, ही माझी आयुष्यभराची सवय. स्क्रीन झोपला होता, मशीन जागं होतं. रोज रात्री मी त्याच्या हातातली वही ओढून घेत होते.

भाच्यानं सांगितलं की डिस्कवरही एक ‘जर्नल’ असतं. काय बदलणार ते आधी तिथे टिपायचं आणि मग मुख्य जागी उतरवायचं, कच्ची वही आणि खतावणी असते तसं. त्यामुळे एखाद्या वेळी वीज गेली तर बहुतेकदा निभावतं. पण रोजच मध्ये तोडलं तर कधीतरी कच्ची नोंदही अर्धी राहते. नातवानं त्या रात्री काही बिघडवलं नव्हतं. आधीच बिघडलेलं दुसऱ्या दिवशी उघडकीला आलं, एवढंच. आणि हो, “आजी, आधी शटडाउन कर गं” असं त्यानंच मला जूनमध्ये दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, “बरं बरं.”

क्षमावाणीला अजून आठवडा होता. त्या दिवशी आपण सगळ्या जणी हात जोडून एकमेकींची क्षमा मागतो. पण खरं सांगू, त्या दिवशी ज्यांची मागतो त्यांचा आपण बहुतेकदा काही गुन्हा केलेला नसतो. ज्याचा केलेला असतो तो घरातच असतो आणि आपल्याहून लहान असतो.

आधी ओट्याशी गेले. सूनबाईला म्हटलं, “सकाळी मी तुझ्याबद्दल बोलले ते चुकलंच. आणि तरी तू लॅपटॉप आणून दिलास.” ती म्हणाली, “आई, मलाही आजींचा आवाज हवा होता.”

नातू संध्याकाळी शाळेतून आला. मी त्याला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि ती रोजकीर्द दाखवली. समजावून सांगावं लागलं नाही, त्यानं स्वतःच वाचली. मी म्हटलं, “ही सगळी माझी. ही एक तुझी. मी तुला खोटं पाडलं. मला क्षमा कर.” त्यानं थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग विचारलं, “मोठ्या आजीचा आवाज मिळाला का?” मी वाजवून दाखवला. रात्री भिंतीच्या बोर्डावर एक कागद चिकटवलेला दिसला, ‘आधी शटडाउन, मग बटण’. तो अजून आहे.

आता तुमच्या कामाचं. तुमचं मशीन कुठलंही असो, बंद पडलं तर ते कुठे अडलं ते आधी बघा.

१. बटण दाबून दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही: वीज पोचत नाही. प्लग, बोर्ड, मागची वायर बघा.

२. पंखा फिरतो पण स्क्रीन कोरा: स्क्रीनची वायर बघा. तीही नीट असेल तर आतली मेमरीची पट्टी सैल झालेली असू शकते. वीज काढून, जाणकाराकडूनच बसवून घ्या.

३. ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असं आलं: एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते पहिलं बघा. नसेल तर डिस्कची वायर.

४. ‘ग्रब’ हा शब्द येऊन थांबलं: हाक मारणारा अडला आहे. डेटा बहुतेकदा सुरक्षित असतो, घाबरू नका.

५. अपडेटनंतर लगेच बिघडलं: लिनक्समध्ये सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा गाभा निवडता येतो. जुन्यावर चालवून बघा.

६. पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा पासवर्डच विचारतो: डिस्क गच्च भरलेली असू शकते. जागा मोकळी करायला जाणकाराची मदत घ्या.

७. दर वेळी तारीख चुकीची दिसते: मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला आहे. ‘सीआर २०३२’ मागा, स्वस्तात मिळतो.

८. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी तपासा. आमची केव्हाच मेली होती. तापकीर गल्लीत जाऊन १२ व्होल्टची नवी बसवून आणली.

आणि सगळ्यांत आधी, स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोबाइलनं फोटो काढून ठेवा. दुसऱ्याला ‘काहीतरी आलंय’ सांगून काही कळत नाही.

सभा वेळेवर झाली, ताळेबंद मंजूर झाला. आईंचे आवाज आता तीन ठिकाणी आहेत, आमच्याकडे, बंगळूरला आणि सांगलीला नणंदेकडे. दूध तापवताना कशाकडे लक्ष ठेवायचं, ते पुढचं मी आठवून लिहायला घेतलं. जिथे अडले तिथे नणंदेला फोन केला. तिला माझ्याहून जास्त आठवत होतं. तिच्याच आवाजात ते रेकॉर्ड करून घेतलं, मागे कुकरची शिट्टी तिच्याकडेही वाजलीच. आईंच्या चार मिनिटांनंतर आता लेकीची सहा मिनिटं आहेत. पुढच्या वेळी तो चौका पूर्ण लिहून देते.

तुमच्या घरात असा एखादा आवाज, एखादी वही, एखादा फोटो एकाच ठिकाणी असेल तर या आठवड्यात त्याची दुसरी प्रत करा. नातवंडांना सांगितलंत तर ती दहा मिनिटांत करून देतील. रागावू मात्र नका.

जय जिनेंद्र.